यंत्राची कारणमीमांसा

असंबद्ध बोलणाऱ्यास हसणे सोपे आहे. त्याचे बोलणे असंबद्ध का, हे नेमक्या शब्दांत सांगणे तितके सोपे नाही. 'त्याने हत्ती फ्रिजमध्ये ठेवला' असे कोणी म्हटले, तर पाच वर्षांचे मूलही खदखदून हसेल. पण 'का रे हसलास?' असे त्यास विचारले म्हणजे ते क्षणभर गोंधळते आणि मग दोन्ही हात पसरून 'हत्ती केवढा मोठा असतो!' असे म्हणते. त्या पसरलेल्या हातांत जे आहे त्यासच आपण कारण म्हणतो. असे कारण यंत्रास सांगता येईल काय, हे पाहण्यासाठी जुळविलेल्या एका संग्रहाचे परीक्षण प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

हा संग्रह रूढ अर्थाने ग्रंथ नव्हे. त्यास एक कर्ता नाही, कथानक नाही, आणि तो कोणी निवांत बसून वाचावा अशी तो जुळविणाऱ्यांचीही अपेक्षा नाही. वांग आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली त्याचा पहिला नमुना विद्वानांपुढे ठेवला आणि २०२० साली 'सेमएव्हल' नावाच्या स्पर्धेसाठी तो वाढवून सर्वांस खुला केला. शब्दार्थाचे आकलन गणकयंत्रास कितपत होते याची पारख करण्यासाठी ही स्पर्धा भरत असते. संग्रहात सुमारे बारा हजार जोड्या आहेत. प्रत्येक जोडीत बहुधा एकदोन शब्दांच्या फरकाची दोन इंग्रजी वाक्ये; एक व्यवहारास धरून, दुसरे व्यवहारास सोडून. ॲमेझॉन कंपनीच्या 'मेकॅनिकल टर्क' या बाजारात कामागणिक मोबदला घेऊन लिहिणाऱ्या अनाम लोकांनी ही वाक्ये रचिली आहेत.

या जोड्यांवर तीन परीक्षा बेतल्या आहेत. पहिलीत दोन वाक्यांपैकी विसंगत कोणते ते ओळखावयाचे. दुसरीत त्या विसंगतीची तीन कारणे पुढे ठेवलेली असतात. त्यांतील योग्य ते निवडावयाचे. हत्तीच्या वाक्यास दिलेली तीन कारणे पाहावी. हत्ती फ्रिजहून पुष्कळ मोठा असतो, हे एक. हत्तीचा रंग करडा तर फ्रिजचा बहुधा पांढरा, हे दुसरे. हत्तीस फ्रीज खाता येत नाही, हे तिसरे. मौज अशी की ही तिन्ही विधाने खरी आहेत. परंतु कारण होण्याची पात्रता त्यांपैकी एकाच विधानात आहे. तिसऱ्या परीक्षेत पर्यायांचा आधार काढून घेतला आहे. तेथे यंत्राने स्वतःच्या शब्दांत कारण लिहावयाचे.

वाङ्मयविषयक मासिकात या गणिती व्यवहाराची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की वाक्य, अर्थ आणि कारण हीच टीकाकाराचीही रोजची हत्यारे आहेत. एखादी कादंबरी फसली आहे हे वाचकास टीकाकाराच्या मदतीवाचूनही कळते. ती का फसली, हे सांगण्यासाठी टीकाकार हवा असतो. आणि आपल्या टीकेतही 'ही कविता चांगली नाही, कारण तिच्यात काव्य नाही' अशा मासल्याची कारणे थोडी नसतात. खरे विधान आणि खरे कारण यांतील भेद ज्या संग्रहाने बारा हजार वेळा समोर मांडला, त्याच्याकडे टीकाकाराने पाठ फिरविणे शोभणार नाही.

शिवाय हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. शब्दांपासून वाक्यार्थ कळण्यास आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन गोष्टी लागतात, असे आपल्या शास्त्रकारांनी सांगून ठेविले आहे. त्यांतील योग्यता म्हणजे पदार्थांचा एकमेकांशी जुळण्याजोगा संबंध. ती नसल्याचे ठरलेले उदाहरण विस्तवाने शिंपण्याचे. पाठशाळेतील मुलांस जो अगदी आरंभी शिकवितात त्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहातही तेच आले आहे. वाक्यात करण आणि क्रिया दोन्ही जागच्या जागी आहेत. व्याकरणाने बोट ठेवावे असा दोष नाही. तरी ते वाक्य प्रमाण नव्हे, कारण शिंपण्यास द्रव लागतो आणि विस्तव द्रव नाही. व्यवहारविरुद्ध वाक्याची कारणमीमांसा म्हणजे काय, याचा याहून आटोपशीर धडा मिळणे कठीण.

यापुढे आपल्या पंडितांत जो वाद झाला तो प्रस्तुत विषयास अधिकच उपयोगी आहे. असे वाक्य ऐकून अर्थबोधच होत नाही, की बोध होतो आणि मग तो बाधित ठरतो? काशीस राहून ज्यांनी व्याकरणशास्त्रात अखेरचा शब्द उच्चारला असे मानतात, त्या महाराष्ट्रीय नागेशभट्टांचा कौल दुसऱ्या बाजूस पडला. त्यांचा युक्तिवाद मार्मिक आहे. विस्तवाने शिंपतो असे म्हणणाराची लोक थट्टा करतात; आता वाक्याचा अर्थच कळला नसता तर थट्टा कशाची केली असती? हसू हा आकलनाचा पुरावा आहे. आमच्या मुलाने हत्तीचे वाक्य ऐकून प्रथम हसणे आणि मग हात पसरणे, यांत हाच क्रम आहे: आधी त्याने हत्ती त्या कपाटात कोंबून पाहिला, तो कोंबला जाईना, आणि त्या न जाण्याचे त्यास हसू आले. कारण हे त्या मनातल्या खटाटोपाचे फळ आहे. यंत्राच्या बाबतीत हा मधला खटाटोप होतो काय, हाच सर्व वादाचा गाभा.

यंत्रास व्यवहारज्ञान द्यावे ही आकांक्षा जुनी आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली असे यंत्र कसे रचता येईल याचा विचार मांडला. १९८४ साली डग्लस लेनट यांनी 'सायक' नावाचा उद्योग आरंभिला. त्यात माणसांनी बसून जगातील साध्यासाध्या गोष्टी तर्कशास्त्राच्या भाषेत एकेक करून नोंदवावयाच्या, अशी योजना होती. पाणी ओले असते, मेलेला मनुष्य बाजारात जात नाही, अशा तऱ्हेच्या नोंदी कितीही केल्या तरी पुरे पडत नाहीत. कारण व्यवहारज्ञानास काठ नाही.

पुढे मार्ग बदलला. ज्यास आज लँग्वेज मॉडेल म्हणतात ते भाषायंत्र नोंदींवर चालत नाही. अफाट मजकूर त्याच्यासमोर ठेवावयाचा आणि पुढला शब्द कोणता येईल याचा अंदाज करावयास लावावयाचे. चुकला की आतील असंख्य आकडे किंचित सरकवावयाचे. २०१९ सालच्या 'जीपीटी-टू' या यंत्रात असे सुमारे दीड अब्ज आकडे होते, आणि सुमारे ऐंशी लाख लेखांचा मजकूर त्यास पाजला होता. इतके वाचन झाल्यावर यंत्र सफाईदार लिहू लागते यात नवल नाही. परंतु अडचण अशी की जे सर्वांस ठाऊक असते ते कोणी लिहीत नाही. हत्ती फ्रिजहून मोठा असतो, हे वाक्य कोणत्या लेखकाने कशासाठी लिहावे? व्यवहारज्ञान म्हणजे नेमका न लिहिलेला भाग. आणि हे यंत्र तर केवळ लिहिलेल्यावर पोसलेले.

म्हणून दुसरा संस्कार करावा लागतो. इंग्रजीत त्यास फाइन-ट्यूनिंग म्हणतात. तंबोरा लावताना खुंट्या पिळून तार सुमारे सुरात आणतात आणि मग घोडीपलीकडचे मणी सरकवून उरलेले अंतर काढतात. हा संस्कार त्या मणी सरकविण्यासारखा आहे. पुष्कळ वाचून तयार झालेले यंत्र घ्यावयाचे आणि त्यास संग्रहातील दहा हजार विसंगत वाक्ये, प्रत्येकाच्या माणसांनी लिहिलेल्या तीन कारणांसह, दाखवावयाची. वाक्य आले की त्यामागून कारणाचे वाक्य यावे, असा त्याच्या आकड्यांस कल लावावयाचा. स्पर्धेत उतरलेल्या बहुतेकांनी हाच मार्ग धरिला. परंतु दृष्टान्ताची मर्यादाही येथेच ध्यानात घ्यावी. मणी सरकवून तार सुरात येते. जी तार मुळात नाहीच, ती मण्यांनी उत्पन्न होत नाही. दहा हजार उदाहरणांनी कारणाचे वळण शिकविता येते. वजन, आकार, ऊन, पाऊस, भूक यांचे जे ज्ञान त्या वळणात भरावयाचे ते त्याच्या आधीच कोठून तरी आलेले असावे लागते.

स्पर्धेचा निकाल या दृष्टीने बोलका आहे. पहिल्या दोन परीक्षांत, म्हणजे ओळखण्यात आणि निवडण्यात, वरच्या क्रमांकाची यंत्रे माणसांच्या जवळ जाऊन पोहोचली. तिसऱ्या परीक्षेत, म्हणजे स्वतः कारण लिहिण्यात, मात्र माणूस आणि यंत्र यांत मोठे अंतर राहिले. आयोजकांनी हे मोकळेपणाने नमूद केले आहे, आणि त्याबद्दल त्यांचे अभिनंदन केले पाहिजे.

यंत्र कारण लिहिताना कोठे घसरते हे समजण्यास आयोजकांनी परीक्षकांस दिलेले गुणांचे कोष्टकच पुरेसे आहे. कारणास शून्यापासून तीनपर्यंत गुण द्यावयाचे होते. जे दुर्बोध किंवा विषयास सोडून त्यास शून्य. जे नेटके आणि भक्कम त्यास तीन. आणि ज्यात मूळ वाक्यास केवळ नकार जोडला आहे किंवा तेच शब्द फिरवून मांडले आहेत त्यास एक. हा एक गुणाचा रकाना आम्हांस सर्व संग्रहात अधिक महत्त्वाचा वाटतो. आमचेच उदाहरण घेऊ. 'तिने मीठ घालून चहा गोड केला' हे वाक्य का चुकीचे? 'मीठ घालून चहा गोड करता येत नाही' हे उत्तर व्याकरणशुद्ध आहे, विषयास धरून आहे, आणि खरेही आहे. पण त्यात कारण नाही. ते फक्त प्रश्नाची मान नकारार्थी हलविते. 'मीठ खारट असते' या तीन शब्दांत कारण आहे. पहिले वाक्य लिहिण्यास मिठाची चव ठाऊक असण्याची गरज नाही. वाक्य व्यवहाराविरुद्ध आहे एवढे आधीच सांगितलेले असले म्हणजे पुरे. दुसऱ्यास मात्र ती लागते.

आता ज्या मापाने यंत्राचे लिहिणे मोजले त्याकडे वळू. प्रत्येक उत्तर माणसाने वाचणे खर्चाचे, म्हणून 'ब्ल्यू' नावाचे एक यांत्रिक मापही लाविले होते. ते २००२ साली भाषांतराची पारख करण्यासाठी निघाले. यंत्राच्या वाक्यातील शब्द आणि शब्दांच्या लगोलग जोड्या माणसांनी लिहिलेल्या नमुन्याशी किती जुळतात, हे ते मोजते. भाषांतरात त्याचा काही उपयोग आहे. कारणाच्या प्रांतात मात्र ते आंधळे ठरते. नमुना असा समजा: 'हत्ती फ्रिजपेक्षा पुष्कळ मोठा असतो'. एका यंत्राने लिहिले, 'हत्ती फ्रिजपेक्षा पुष्कळ लहान असतो'. दुसऱ्याने लिहिले, 'एवढे धूड त्या कपाटात शिरणार कसे?' शब्द मोजू गेल्यास पहिल्याचे पाचांपैकी चार जुळतात, दुसऱ्याचा एकही नाही. पहिले उत्तर कारणाच्या नेमके उलट आहे, दुसरे अस्सल आहे. आणि माप पहिल्याच्या गळ्यात माळ घालते. आयोजकांस हा दोष ठाऊक होता; म्हणून तर त्यांनी माणसांकडूनही गुण देवविले. परंतु ज्या मापाने रोज मोजावयाचे त्या मापाकडेच शेवटी शिकणारा झुकतो, हा अनुभव परीक्षार्थी मुलांच्या घरांतून कोणास नाही?

पहिल्या दोन परीक्षांतील यशाकडेही जपूनच पाहावयास हवे. या संग्रहास लागू पडेल असा एक इशारा त्याच सुमारास दुसऱ्या एका प्रकरणात मिळाला होता. युक्तिवाद आणि त्यामागील गृहीत यांची सांगड घालण्याच्या एका परीक्षेत 'बर्ट' नावाच्या यंत्राने शेकडा ७७ उत्तरे बरोबर दिली. खास शिक्षण न घेतलेल्या माणसांच्या सरासरीहून ती तीनच टक्क्यांनी कमी. २०१९ साली निवेन आणि काओ या तैवानातील अभ्यासकांनी तपास केला तेव्हा असे दिसले की यंत्र युक्तिवाद पाहातच नव्हते. पर्यायात नकाराचा शब्द आहे की नाही, अशा बाहेरच्या खुणांवर ते चालले होते. त्या खुणांचा उपयोग होणार नाही अशा बेताने परीक्षा पुन्हा मांडताच यंत्राचे यश नाणे उडवून मिळणाऱ्या यशाच्या पातळीवर उतरले. मोबदला घेऊन भराभर वाक्ये लिहिणाऱ्या माणसाच्या हातून काही ठरीव लकबी नकळत उमटतात. बारा हजार वाक्यांतून त्या वेचणे यंत्रास अवघड नाही. ज्यास समर्थांनी पढतमूर्ख म्हटले त्याच्याप्रमाणे हे यंत्र उत्तरे पाठ असलेला विद्यार्थी आहे, की विषय समजलेला, हे पर्यायांच्या परीक्षेवरून नक्की सांगता येत नाही.

संग्रहाचा आणखी एक दोष आम्हांस वाङ्मयाच्या दृष्टीने जाणवतो. व्यवहारविरुद्ध वाक्य समोर आले म्हणजे त्याचे एकच करावयाचे, ते म्हणजे त्यास खोटे ठरवावयाचे, अशी शिकवण त्यातून यंत्रास मिळते. वस्तुतः भाषेत असल्या वाक्यांचा पुष्कळसा भाग खोटे ठरविण्यासाठी नसतो. 'गंगेवर गवळ्यांची वाडी आहे' हे वाक्य ऐकून कोणी 'पाण्यावर घरे तरत नाहीत' असे उत्तर देत बसत नाही. मुख्य अर्थाला बाध येतो, त्या बाधाच्याच आधाराने आपण काठाकडे वळतो, आणि वाडीची शीतलता व पावित्र्य पदरात पाडून घेतो. ही लक्षणेची वाट आलंकारिकांनी पूर्वीच आखून ठेवली आहे. शाळेतून आलेला मुलगा 'पोटात कावळे ओरडताहेत' असे म्हणाला, तर त्याच्या आईने 'कावळा आकाराने मोठा असल्यामुळे पोटात मावत नाही' असे समजावून सांगण्यापेक्षा पान वाढावे हे बरे. मुंगीने सूर्य गिळल्याचे मुक्ताबाईने गायिले, काट्याच्या टोकावर गावे वसल्याचे ज्ञानदेवांच्या नावावरील भारुडात आले. तेथे तर विसंगती हीच दाराची कडी आहे. ती न वाजविता आत जाता येत नाही. संग्रह जुळविणारांनी असली वाक्ये मुद्दामच बाजूस ठेविली असतील, तर त्यांच्या कामापुरते ते योग्यच आहे. परंतु विसंगती का आहे हे जाणणे आणि विसंगती कशासाठी आहे हे जाणणे, ही दोन्ही मिळून व्यवहारज्ञान होते, आणि संग्रहात त्याचा पहिला अर्धाच आहे, हे सांगणे आमचे काम.

येथवरचा विचार २०२० सालच्या यंत्रांचा झाला. त्याच वर्षी 'जीपीटी-थ्री' हे १७५ अब्ज आकड्यांचे यंत्र आले, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात 'चॅट-जीपीटी' लोकांच्या हाती पडल्यावर ही विद्या घराघरांत शिरली. आजचे मोठे यंत्र हत्तीचे कारण अचूक सांगते. हत्तीचे वजन, फ्रिजचा आकार, दाराची रुंदी, सर्व काही सांगते. पोटातील कावळेही त्यास बहुधा समजतात. तेव्हा प्रस्तुत संग्रह जुना झाला आणि त्याने उभा केलेला प्रश्न मिटला, असे म्हणावे काय? आमच्या मते प्रश्न मिटला नाही. तो एक पायरी खोल गेला आहे. पूर्वी यंत्राचे कारण पोकळ होते आणि ते वाचताच कळे. आता कारण भरीव दिसते. ते त्या उत्तराचे कारण आहे की उत्तर ठरल्यावर त्यास नेसविलेले वस्त्र आहे, हे वाचून कळत नाही.

ही शंका हवेतली नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यंत्रास प्रश्नांपूर्वी काही सोडविलेली उदाहरणे दाखविली आणि त्यांत बरोबर उत्तर नेहमी पहिल्याच पर्यायात येईल अशी मांडणी केली. मग यंत्र पुढल्या प्रश्नांतही पहिल्या पर्यायाकडे ओढले जाऊ लागले, प्रसंगी चुकीचे उत्तर देऊ लागले. आणि प्रत्येक वेळी त्याने आपल्या उत्तराचे पायरीपायरीने समर्थन मात्र लिहिले. 'मागची उत्तरे पहिलीच होती म्हणून हेही पहिले' हे खरे कारण त्या समर्थनांत जवळजवळ कधीच आले नाही.

यावर यंत्राचा कैवारी म्हणेल की माणूस तरी दुसरे काय करतो? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात पायमोज्यांचा एक प्रयोग आहे. मोज्यांचे चार जोड ओळीने मांडून लोकांस उत्तम तो निवडण्यास सांगितले. चारही जोड हुबेहूब सारखे होते. लोकांनी अगदी उजवीकडचा जोड फार मोठ्या प्रमाणात पसंत केला. कारण विचारता कोणीही जागेचे नाव काढले नाही, आणि जागेमुळे असे झाले काय असे विचारता बहुतेकांनी साफ नाकारले. म्हणजे निवड एका कारणाने करावी आणि सांगताना दुसरे सांगावे, ही कला यंत्राने आपल्याकडूनच घेतली असे म्हणण्यास जागा आहे.

तरीही माणूस आणि यंत्र यांत एक फरक उरतो, आणि आमच्या मते तोच निर्णायक आहे. माणसाने दिलेले कारण त्यास बांधते. 'मुलगी लहान आहे म्हणून तिला एकटी पाठवीत नाही' असे बापाने एकदा म्हटले, की मुलगी मोठी झाल्यावर ते त्याच्यापुढे टाकता येते. ते कारण गेले असताही तो अडून बसला, तर खरे कारण निराळे होते हे उघडे पडते आणि त्यास शरमावे लागते. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष, साक्षीची उलटतपासणी, सभेतला जाब, ही सर्व माणसास त्याच्या कारणांशी बांधून ठेवण्याची साधने आहेत. माणसाची कारणे पुष्कळदा खोटी असतात म्हणूनच समाजाने ती उभारिली. यंत्रास अशी बांधिलकी नाही. त्यास कारणातली चूक दाखवा. ते नम्रपणे क्षमा मागते आणि तितक्याच सफाईने दुसरे कारण पुढे ठेविते. पहिले मागे घेताना त्याचे काही जात नाही.

हा शास्त्रकारांचा घटपटाचा वाद नव्हे. आज मुले गृहपाठातील 'का?' या यंत्रास विचारू लागली आहेत; उद्या कर्ज का नाकारले, अर्ज का परतला, औषध का बदलले, हेही तेच सांगू लागेल. नकाराचा राग माणूस कारणाने गिळतो. ते कारण नकाराशी खरोखर बांधलेले नसेल, तर नाकारलेल्या माणसास दाद कोठे मागावी हेही कळणार नाही. कारण जे कारण खोडून काढावयाचे, त्यावर निर्णय उभाच नव्हता. आणि मुलांच्या बाबतीत हानी याहून सूक्ष्म आहे. प्रश्नाला सुबक वाक्य मिळाले म्हणजे उत्तर मिळाले, अशी ज्याची लहानपणीच समजूत झाली, त्यास पुढे पोकळ आणि भरीव यांतला आवाज ओळखता येईल असा भरवसा नाही.

यावर उपाय यंत्र घराबाहेर ठेवणे हा नव्हे. तो शक्यही नाही. उपाय त्या मुलाच्या पसरलेल्या हातांतच आहे. ज्यास कारण कळले आहे त्यास ते कोठे लागू पडत नाही हेही कळते. 'हत्ती मोठा असतो' असे म्हणणाऱ्या मुलास विचारावे: मातीचा हत्ती असेल तर? कोल्ड स्टोरेजच्या मोठ्या खोलीत ठेवला तर? ते लगेच 'मग मावेल!' असे ओरडेल. कारण त्याच्याजवळ नुसते वाक्य नाही, आकाराचे माप आहे. यंत्रासही असेच विचारावे. दिलेले कारण काढून घ्यावे आणि उत्तर बदलते काय ते पाहावे. बाकी सर्व तसेच ठेवून फक्त कारणाचा भाग फिरवावा आणि निर्णय हलतो काय ते पाहावे. हलला तर ते कारण, निदान त्या प्रसंगापुरते, खरे मानावे. न हलला तर ते शोभेचे. आणि ही कसोटी केवळ यंत्रास लावून थांबू नये. घरातील वडील माणसांनी, शिक्षकांनी आणि आम्हां टीकाकारांनीही तीस सामोरे जावे.

एकंदरीत पाहता, वांग प्रभृतींचा हा संग्रह वाङ्मय म्हणून रुक्ष, दृष्टीने एकांगी आणि मापाच्या बाबतीत सदोष असला, तरी त्याचे एक श्रेय कोणी नाकारू नये. यंत्राने बरोबर उत्तर दिले की त्यावर समाधान मानावयाचे, अशी रीत असताना त्याने 'का?' हा दुसरा प्रश्न विचारला. नुसत्या नकारास एकच गुण द्यावा असे लिहून ठेविले. आणि माणूस व यंत्र यांतले अंतर झाकले नाही. यंत्रे त्यानंतर पुष्कळ पुढे गेली. तो एक गुणाचा रकाना मात्र अजून शिळा झालेला नाही, आणि त्यात कोणाकोणाची कारणे जाऊन पडतात हे प्रत्येकाने आपल्यापुरते पाहावयाचे आहे.